निगेटिव्ह नाना

आमच्या सोसायटीत आधी नानांचा खोकला येतो आणि मागून नाना येतात. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि दाराबाहेरून तो खोल, घुमणारा आवाज आला, की आतल्या मंडळींना एकाएकी जिन्याच्या व्यायामाचं महत्त्व पटतं. नाना मात्र आत शिरता शिरता हात वर करून सगळ्यांना अभय देतात. "घाबरू नका. टेस्ट केलीय. निगेटिव्ह आहे." मग त्याच हातात खोकतात आणि त्याच हाताने तळमजल्याचं बटण दाबतात.

नानांनी सत्तरी ओलांडली आहे. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पेनांमागे प्लास्टिकच्या पाकिटात घडी घालून ठेवलेला शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट. हा रिपोर्ट कधीचा आहे, असं विचारण्याची प्राज्ञा कोथरूडमध्ये अजून कुणाची झालेली नाही. मी एकदा चोरून पाहिला होता. त्यावर डिसेंबर होता. आम्ही उभे होतो मे महिन्यात.

नानांनी एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेत उभी हयात काढली. तिथे त्यांना एक गोष्ट पक्की समजली, की जे कागदावर नाही ते नाही. पूल कागदावर असला तर तो आहे, मग नदीवर दिसो न दिसो. प्रकृतीचंही तसंच. ठणठणीत माणसाला मेहुण्याच्या लग्नाला जायचं असलं की तो आजारी असल्याचा दाखला आणतो, आणि खरोखर आजारी पडलेल्याला रुजू व्हायचं असलं की तो ठणठणीत असल्याचा दाखला आणतो. दोन्ही दाखले एकाच डॉक्टरच्या एकाच पॅडवरचे. या सगळ्या व्यवहारात माणसाला प्रत्यक्षात काय होतंय, याची चौकशी करायला रकानाच नसतो.

नाना स्वतः दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन येतात. तो दिला की त्यांच्या चालण्यात ऐट येते. ऑक्टोबर सरत आला की जरा मलूल असतात. माई, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, सांगतात, "दाखल्याची मुदत संपत आली ना, की यांनाच शंका येते, आपण आहोत की नाही."

अशा माणसाच्या हाती करोनाच्या टेस्टचा कागद पडला, तेव्हा काय झालं असेल ते समजून घ्या.

त्याआधी नानांना सर्दी होत नसे असं नाही. पण तेव्हा सर्दीला कारण असे, व्हायरस नसे. पेरू खाल्ला, दही खाल्लं, पंख्याखाली झोपलो, नाशिकचं पाणी बाधलं, हवा बदलली. सर्दी ही बाहेरून कुणाकडून येते आणि आपल्याकडून पुढे कुणाकडे जाते, हा विचार नानांच्या घराण्यात कुणी केलेला नव्हता. ती पेरूतून यायची आणि काढ्यातून जायची. मधल्या चार दिवसांत ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे तिघे आजारी पडले, तर त्यांनीही पेरू खाल्ला असणार.

आणि आजार अंगावर काढणं हा तर सद्गुणच. नानांनी नोकरीत आजारपणाची रजा कधी घेतली नाही, हे ते अजून सांगतात. निवृत्त होताना साठलेल्या अर्जित रजेचे पैसे पदरात पडले, तेव्हा त्यांना आपल्या तपश्चर्येचं फळ मिळालं. शाळेतही त्यांना पूर्ण हजेरीचं बक्षीस मिळालं होतं. ते पितळी फुलपात्र अजून घरात आहे. गोवर झालेला असतानाही शाळेत गेलो होतो, असं नाना अभिमानाने सांगतात. त्या वर्गातली उरलेली मुलं त्या आठवड्यात कुठे होती, हे फुलपात्रावर कोरलेलं नाही. माझं विचाराल तर पूर्ण हजेरीचं बक्षीस देणाऱ्या शाळांना आरोग्य खात्याने नोटीस काढायला हवी. नाना आजार अंगावर काढतात हे खरंच आहे, फक्त दुसऱ्यांच्या.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात पहिले दोन रुग्ण सापडले आणि नाना घाबरले. तसे सगळेच घाबरले होते. नानांनी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, नोटा इस्त्री केल्या, वर्तमानपत्र गॅलरीत दिवसभर वाळवून संध्याकाळी वाचलं. साथरोग कायदा १८९७ सालचा, प्लेगच्या वेळचा, हे वाचल्यावर त्यांना बरं वाटलं. इतक्या जुन्या कायद्याला व्हायरस काय हात लावणार? परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर घरी थांबण्याचा शिक्का मारत होते, तो मात्र त्यांना फार आवडला. "सरकारचं एक काम बघा कसं असतं. माणसावरच शिक्का! फाईल हरवायचा प्रश्नच नाही."

टेस्ट तेव्हा महाग होती. खासगी प्रयोगशाळेत साडेचार हजार. "साडेचार हजार देऊन आजार विकत घेऊ?" असं म्हणत नाना घरात बसले, आणि बसले ते उत्तम बसले. त्यांच्या चरित्रातला हा एकमेव सुवर्णकाळ. टेस्ट परवडत नव्हती तोवर त्यांच्यापासून कुणालाही धोका नव्हता.

पुढे भाव उतरत गेले. जून २०२० मध्ये राज्य सरकारने बावीसशे केले, ऑक्टोबरात नऊशे ऐंशी, मार्च २०२१ च्या अखेरीस पाचशे, त्या डिसेंबरात साडेतीनशे. हे सगळे आकडे नानांच्या डायरीत सोन्याच्या भावाशेजारी लिहिलेले आहेत. "आपल्या हयातीत स्वस्त झालेली ही एकच वस्तू," असं ते म्हणतात. आणि स्वस्त झालेली वस्तू घेतली नाही तर आपलं नुकसान होतं, हा संस्कार पुणेकराला निराळा करावा लागत नाही.

पण नाना खरे उजळले ते मे २०२१ मध्ये. पुण्याच्याच मायलॅब कंपनीच्या घरगुती किटला आयसीएमआरने मान्यता दिली. किंमत अडीचशे रुपये, निकाल पंधरा मिनिटांत, आणि माणूस आपल्या घरी, आपल्या खुर्चीत. कंपनीचा कारखाना लोणावळ्याला आहे, हे कळल्यावर चिक्कीनंतर लोणावळ्याने देशासाठी काहीतरी केलं म्हणून नानांनी सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा ठराव मांडला. त्याला अनुमोदनही स्वतःच दिलं.

नाना टेस्ट करतात ते एकदा बघण्यासारखं आहे. जेवणाच्या टेबलावर कालचा पेपर पसरतात. त्यावर किट, गजराचं घड्याळ, चष्मा, भिंग. माईंना स्वयंपाकघरातून बाहेर यायला बंदी. मग पाकीट फाडून ती कापसाची लांब काडी काढतात आणि आरशासमोर उभे राहतात. काडी दोन्ही नाकपुड्यांत दोनेक ते चार सेंटिमीटर आत घालून पाच-पाच वेळा फिरवायची, असं माहितीपत्रकात चित्रासकट दिलेलं आहे. नानांना गुदगुल्या होतात. त्यामुळे काडी नाकपुडीच्या दाराशी जाते, तिथल्या केसांची विचारपूस करते आणि परत येते. पाच वेढे नाना हवेत पूर्ण करतात. मग काडी नळीत बुडवून खुणेवर मोडायची, दोन थेंब पट्टीवर टाकायचे, घड्याळ लावायचं. ती पंधरा मिनिटं नाना खुर्चीत ताठ बसून असतात. बारावीच्या निकालालाही ते इतके शांत नव्हते, असं त्यांचा मुलगा सांगतो.

पट्टीवर इंग्रजी सी आणि टी अशी दोन अक्षरं असतात. सीसमोर रेघ उमटली म्हणजे पट्टी चालते आहे. टीसमोरही उमटली म्हणजे करोना. बहुतेक वेळा टीसमोर काही नसतं. मग नाना आतल्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडतात, "टी कोरा!" माई आतून म्हणतात, "दूध संपलंय, तोच मिळेल." नंतर पट्टीचा फोटो काढायचा, शेजारी त्या दिवशीच्या पेपरची तारीख दिसेल असा. फोटो ग्रुपवर टाकायचा. आणि चपला घालायच्या.

एवढं सगळं नीट वाचणाऱ्या नानांनी माहितीपत्रकातलं एकच वाक्य सोडून दिलेलं आहे. लक्षणं असतील आणि पट्टी निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करून घ्या, आणि त्याचा निकाल येईपर्यंत स्वतःला बाधित समजूनच वागा, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. मी ते एकदा बोट ठेवून दाखवलं. नाना म्हणाले, "ते बारीक अक्षरात आहे. बारीक अक्षर ऑडिटसाठी असतं."

नानांची एक भाची चिंचवडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तिचं नानांवर प्रेम आहे आणि त्यांच्या टेस्टवर बिलकूल नाही. जून २०२० मध्ये देशात पहिल्या अँटिजेन किटला परवानगी देताना आयसीएमआरने स्वतःच आकडे छापले होते, ते तिने नानांना वाचून दाखवले. करोना नसलेल्या शंभरांपैकी जवळपास सगळ्यांना ते किट बरोबर 'नाही' म्हणत होतं. पण ज्यांना होता, अशा शंभरांपैकी दोन ठिकाणच्या तपासणीत ते सुमारे ५१ ते ८४ जणांनाच पकडू शकलं. ते किट वेगळं, घरगुती वेगळं, पण जातकुळी एकच. म्हणजे पट्टीने 'आहे' म्हटलं की मुकाट मानायचं. 'नाही' म्हटलं तर तिला अजून दिसलेला नाही, एवढंच मानायचं. पहिल्या दिवशी व्हायरस नाकात थोडाच असतो, काडी दाराशीच फिरली तर त्याहून थोडा. तो टी कोराच राहणार.

नानांनी हे शांतपणे ऐकलं आणि मुद्दा काढला. "पण लेखी काय आलं? निगेटिव्ह."

एकदाच घोटाळा झाला. जानेवारी २०२२, ओमायक्रॉनची लाट. नानांच्या एका जुन्या सहकाऱ्याची पंचाहत्तरी होती आणि नानांचा घसा आदल्या रात्रीपासून खवखवत होता. पट्टी लावली. टीसमोर रेघ आली. आली, पण पुसट. नानांनी भिंग घेतलं, पट्टी खिडकीशी नेली, ट्यूबलाइटखाली नेली, मग निर्णय दिला. "पुसट शिक्का ग्राह्य धरत नाहीत." दुसरी पट्टी काढली. या वेळी काडी आणखी सावधपणे, म्हणजे नाकाच्या बाहेरूनच फिरवली. निगेटिव्ह. तिसरी, तीही निगेटिव्ह. दोन विरुद्ध एक, ठराव बहुमताने मंजूर, आणि नाना शाल शोधू लागले. माईंनी भाचीला व्हिडिओ कॉल लावून फोन नानांच्या तोंडासमोर धरला. भाची एवढंच म्हणाली, "मामा, रेघ म्हणजे रेघ. गरोदरपणाच्या पट्टीला कुणी पुसट म्हणून सोडतं का?" माई हसल्या, नाना लाजले, आणि घरी बसले. तेव्हा नुकताच नियम बदलला होता. पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस, आणि त्यातले सलग तीन दिवस ताप नको. नानांनी ती आतल्या खोलीतली प्रतिनियुक्ती समजून पार पाडली. रोज सकाळी ऑक्सिजन आणि ताप यांची नोंद, संध्याकाळी बेरीज. ऑक्सिजनची बेरीज करून काय मिळतं, हे विचारायचं नाही.

२ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. लोकांनी मास्क टाकले, ऑक्सिमीटर माळ्यावर टाकले. नानांच्या कपाटात मात्र घाऊक भावात घेतलेल्या किटांची चळत उरली. तिचं काय करायचं, हा हिशेबी माणसापुढचा खरा प्रश्न होता. नानांनी तो सोडवला. शिंक आली की एक किट. त्यावर छापलेली मुदत कधीच उलटून गेली होती, पण मुदत ही सूचना असते, आदेश नसतो.

मार्च २०२३ मध्ये सगळीकडे एच-थ्री-एन-टूची चर्चा होती. घरोघरी ताप आणि खोकला. इंडियन मेडिकल असोसिएशनने पत्रकच काढलं होतं, की ताप तीन दिवसांत उतरतो, खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळू शकतो, आणि उगीच अँटिबायोटिक घेऊ नका. एका पहाटे नानांचं अंग मोडून आलं. थर्मामीटर लावला, कसर होती. पट्टी लावली. टी कोरा. स्वेटर घालून नाना हास्यक्लबात हजर.

हास्यक्लब ही मोठी छान गोष्ट आहे, माझा तिच्याशी काही वाद नाही. पण एखाद्या श्वसनाच्या व्हायरसला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, तुझ्या सोयीसाठी काय करू, तर त्याने हेच मागितलं असतं. साठीपुढची माणसं गोळा करा, गोल करून जवळजवळ उभी करा, त्यांना खोल श्वास घ्यायला लावा आणि मग पोटातून जोरात बाहेर सोडायला सांगा. त्या दिवशी नेहमीचे पुढारी आले नव्हते, म्हणून रिंगणाच्या मध्यभागी नाना उभे राहिले. नमस्कार हास्य झालं. मोबाईल हास्य झालं. मग सिंहहास्य. यात डोळे वटारायचे, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची आणि गर्जना करायची. नानांनी चारही दिशांना तोंड करून गर्जना केली. मध्येच ठसका लागला. बारशाचे पेढे वाटावेत तसा तो ठसका त्यांनी रिंगणात सगळ्यांना वाटला, कुणी राहिलं नाही ना बघत. लोकांना वाटलं हा नवा प्रकार आहे, त्यांनीही ठसकाहास्य करून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी रिंगणाला खिंडारं पडली. पाचव्या दिवशी रिंगण नव्हतं, नुसती रेघ होती. खजिनदार तापाने फणफणले. एकांच्या नातवाने दहावीचा भूमितीचा पेपर क्रोसिन घेऊन दिला. ज्यांना दम्याचा त्रास होता, त्या एक आजी न्यूमोनियाने दवाखान्यात दाखल झाल्या. चांगल्या आठवडाभराने घरी आल्या, पण तेवढे दिवस त्यांच्या घरात कुणी हसलं नाही. नाना हळवे आहेत, हे इथे सांगायला हवं. बातमी कळताच ते शहाळं घेऊन आजींना भेटायला गेले. खोकत. आणि खाटेशेजारी बसून त्यांनी आजींना विचारलं, "टेस्ट केली होती का? आमच्याकडे किट आहेत."

त्या रात्री भाची चिंचवडहून गाडी मारत आली. आतापर्यंत ती फोनवर बोलत असे, या वेळी समोर बसली. "मामा, ती पट्टी एकट्या करोनाला ओळखते. फ्लू तिच्यासमोर येऊन बसला तरी ती त्याच्याकडे बघणार नाही."

नाना विचारात पडले. "म्हणजे ते दुसऱ्या टेबलाचं काम."

"हो. आणि अशी आठ-दहा टेबलं आहेत. तुम्ही एका टेबलावरून 'आमच्याकडे नोंद नाही' असं आणता आणि गावभर सांगता की माणूस निर्दोष आहे."

"डॉक्टरही म्हणाले, काही नाही, व्हायरल आहे."

"मग करोना काय पेरूमुळे झाला होता?" हे माई.

भाचीने मग जे सांगितलं ते मला पटलं, म्हणून जरा लांबण लावतो. टेस्टला ती नावं ठेवत नव्हती, पोटापाण्याचं तेच आहे तिचं. आजींसारख्या दमेकऱ्याला, गरोदर बाईला, फार म्हाताऱ्या माणसाला काय झालंय हे लवकर कळलं तर औषध ठरवता येतं. फ्लूवरच्या ऑसेल्टामिविरचा खरा उपयोग पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत होतो. त्यासाठी टेस्ट करावी, जरूर करावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. पण ती टेस्ट डॉक्टरांसाठी असते. लिफ्टसाठी नसते. हास्यक्लबात जायचं की नाही, हे ठरवायला नाक गळतंय, घसा दुखतोय आणि अंगात कसर आहे एवढं पुरे. व्हायरसचं नाव काय, याने समोरच्याला काय फरक पडतो? फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो. घरी राहायचं, ताप उतरू द्यायचा, गोळी न घेता चोवीस तास तो आला नाही म्हणजे हळूहळू बाहेर पडायचं, तेही मास्क लावून. मागे रेंगाळणाऱ्या खोकल्यासाठी महिनाभर कोंडून घ्यायला कुणी सांगत नाही. अवघड असतात ते पहिले चार-पाच दिवस, आणि नानांना नेमक्या त्याच दिवसांत सगळीकडे जायचं असतं.

का जायचं असतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. नानांना ऑफिस नाही. पेन्शन महिन्याच्या महिन्याला आपोआप जमा होते. ते आले नाहीत म्हणून कुणाचा पगार अडत नाही. पहाटे हास्यक्लब, मग दूधकेंद्र, मग पासबुक भरायला बँक, वाचनालय, संध्याकाळी कट्टा. यातलं एकही ठिकाण त्यांच्यावाचून बंद पडलेलं नाही, आणि नानांना नेमकी हीच भीती आहे. चार दिवस गेलो नाही आणि कुणी विचारलंच नाही, तर? हजेरीपटावर नाव आहे तोवर माणूस आहे. हे कळल्यावर माझा राग निम्मा गेला. उरलेला निम्मा मावशींमुळे शिल्लक आहे.

मावशी नानांकडे धुण्याभांड्याला येतात. आणखी सहा घरं करतात. एकदा त्या डोक्याला फडकं बांधून, लाल डोळ्यांनी आल्या. नानांनी त्यांना दारातच अडवलं. "टेस्ट केल्याशिवाय आत यायचं नाही." आणि किट पुढे केलं. मावशींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "नाना, मला पट्टी कशाला? ताप मला आलाय, मला कळतोय. घरी बसते मी चार दिवस. खाडा नका धरू."

नाना गप्प झाले. खाड्याचा हिशेब त्यांच्या डायरीत वेगळ्या पानावर असतो. महिन्याला दोन सुट्ट्या, त्यावर प्रत्येक खाड्याचे पैसे कापायचे. इतरही घरांत तेच. म्हणजे ज्यांचं घरी बसल्याने काहीच बुडत नाही ते नाना रोज बाहेर, आणि ज्यांना घरी पडून राहायचं आहे त्या मावशींना बसणं परवडत नाही. त्या दिवशी मावशींची पट्टी निगेटिव्ह आली. नानांनी समाधानाने त्यांना आत घेतलं. तापलेल्या अंगाने त्यांनी भांडी घासली आणि पुढच्या घरी गेल्या.

हे सगळं माई स्वयंपाकघरातून बघत होत्या. माई अकरावीपर्यंत शिकल्या आहेत आणि लेखा शाखेतल्या माणसाबरोबर त्यांनी पन्नास वर्षं संसार केला आहे. त्यांच्या माहेरी कांजिण्यांचं पोर घरात असलं की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावत. गावात कुणी विचारायला येत नसे की रिपोर्ट काय आला. डहाळा दिसला की माणूस अंगणातूनच परत फिरे. त्या पावसाळ्यात नानांना पुन्हा ताप आला, पुन्हा टी कोरा आला आणि नाना वाचनालयाची पुस्तकं पिशवीत भरू लागले, तेव्हा माईंनी आधी मागच्या आवारातला डहाळा आणून दाराला खोचला. नानांवर काही परिणाम झाला नाही. डहाळ्याला जावक क्रमांक नसतो.

मग माई सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा हातात लेटरहेडवरचा कागद होता. तो मी वाचला आहे. विषय होता, "सदनिका क्र. ३०२ मधील श्री. नाना यांना ताप, सर्दी व खोकला असल्याने घरीच ठेवणेबाबत." संदर्भ होता, "थर्मामीटर, सकाळी ७ वाजताचे वाचन." खाली मजकूर: उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, टेस्टचा निकाल काहीही असला तरी, गोळी न घेता चोवीस तास ताप नसल्याची खात्री होईपर्यंत सदर इसमाने उंबरठा ओलांडू नये. मुद्दा क्रमांक दोन, सदनिकेत काम करणाऱ्या मावशी आजारी असल्यास त्यांचीही रजा पगारी समजण्यात यावी व खाडा धरू नये. सही, तारीख, आणि गोल शिक्का.

नानांनी चष्मा लावला. जावक क्रमांक पाहिला. सही ताडून पाहिली. भिंगाने शिक्का पाहिला. पुसट नव्हता. पुस्तकं पिशवीतून बाहेर काढली आणि आदेशाची एक प्रत स्वतःच्या फाईलला लावली. मुद्दा क्रमांक दोनवर त्यांचा लेखाविषयक आक्षेप होता, पण आदेश निघाल्यावर आक्षेप घ्यायचा नसतो, हे त्यांना नोकरीतच कळलेलं होतं. डायरीतलं खाड्याचं पान त्यांनी त्याच दिवशी आडवी रेघ मारून बंद केलं. मावशींनी त्यानंतर एकदा तीन दिवस पडून काढले. पगार पूर्ण मिळाला. बाकीच्या सहा घरांशी माईंची बोलणी चालू आहेत, दोन घरं वळली आहेत.

नाना चार दिवस घरात होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी माईंपुढे रुजू अहवाल ठेवला. माईंनी थर्मामीटर लावला, वाचला आणि कोपऱ्यात "मान्य" असं लिहिलं. त्या चार दिवसांत हास्यक्लबातून नानांना अकरा फोन आले होते. ते सगळे डायरीत वेळेसह नोंदवलेले आहेत.

आदेशाचा मसुदा माईंकडे तयार आहे, फक्त नाव आणि सदनिका क्रमांक घालायचा. तुमच्या घरी किंवा ऑफिसात असे कुणी नाना असतील तर येऊन घेऊन जा, येताना आपापला शिक्का आणा. मात्र अंगात कसर असेल तर येऊ नका. माई व्हॉट्सॲपवर पाठवतात.